भिंतीपलीकडची मेंढरं

आमच्या वसमत तालुक्यात हळद शिजते त्याच दिवसांत दहावीची परीक्षा येते. रानारानांतून बॉयलरच्या वाफेचे पांढरे लोट उठत असतात आणि त्याच रानाच्या बांधावर एखादं पोरगं मांडीवर पुस्तक ठेवून प्रमेय पुटपुटत असतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. मी वाचनालयात काम करणारा माणूस. माझ्यापर्यंत परीक्षा येते ती अभ्यासिकेतल्या भरलेल्या खुर्च्यांतून, आणि हळद येते ती खिडकीतून.

यंदाही ते दिवस आले. सकाळी खिडक्या उघडल्या की शिजलेल्या कंदांचा ओलसर, मातकट, किंचित कडवट वास आत येतो आणि ताज्या वर्तमानपत्रांच्या शाईत मिसळतो. दुपारपासून पोरं येऊ लागतात. यंदा मात्र मी त्यांच्याकडे बघत बसतो, हे माझ्याच लक्षात आलं आहे. हा कुठून आला असेल? चालत, की कुणाच्या गाडीवर? याच्या नखांत पिवळं दिसतंय, म्हणजे सकाळी रानात होता. ती कोपऱ्यातली मुलगी रोज उशिरा येते, ती काहून?

हा ‘काहून’ माझा नाही. तो नलिनीचा.

नलिनी माझी बायको. कुरुंद्याच्या रस्त्यावर एक गाव आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात ती गणित शिकवायची. गेल्या आषाढात ती गेली. तिच्या साड्या मी बहिणीला दिल्या, पुस्तकं वाचनालयात आणून लावली. तिचे प्रश्न मात्र कुणाला देता येईनात, ते घरातच राहिले. तिचं माहेर हट्ट्याचं. शाळेत आणि घरात ती पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची, पण एखादी गोष्ट खरोखरच कळेनाशी झाली की तोंडून ‘का’ऐवजी ‘काहून’ यायचं. ते आलं की मी ओळखायचो, आता ही दोन-चार दिवस तरी जेवताना गप्प राहणार.

तिला सर्वांत जास्त कोडं पडायचं ते स्वतःच्या वर्गाचं. गावातली निम्मी मुलं सकाळी पिवळ्या बसमध्ये बसून वसमतच्या इंग्रजी शाळेत जायची. ज्यांचं बरं चाललेलं, त्यांची मुलं आठवीनंतर नांदेडला, लातूरला खोली करून राहायची. मुलगा बसमध्ये आणि त्याचीच बहीण जिल्हा परिषदेत, अशीही घरं पुष्कळ. मग वर्गात उरायचं कोण? मुली. अल्पभूधारकांची पोरं. हळदीच्या कामाला जाणाऱ्या बायांची लेकरं. तांड्यावरची दोन-तीन. आणि मेंढरं राखणाऱ्या घरांतली एखाद-दुसरी.

“गाव चाळणीतून चाळल्यावर वर राहतं ना, तो माझा वर्ग,” ती म्हणायची आणि लगेच स्वतःलाच अडवायची, “वर राहतं ते, की खाली पडतं ते, हे अजून ठरवता आलं नाही मला.”

पूर्वपरीक्षेचे पेपर ती घरी तपासायला आणायची. मी शेजारी वाचत असायचो. काही पानांच्या कोपऱ्यांवर अंगठ्याचे पिवळे ठसे असायचे. धुऊनही न गेलेली हळद. ती पेपर उचलून सांगायची, “ही बघा. हिच्या घरची हळद अजून जमिनीत आहे. पेपर स्वच्छ, उत्तरं पूर्ण. आणि याची शिजते आहे, म्हणून अर्धाच सोडवलाय.”

“आणि ज्यांच्या घरी हळदच नाही?”

“ते दुसऱ्यांच्या हळदीत असतात.”

मला तेव्हा ती गंमत वाटली होती. आता अभ्यासिकेत बसून मी तेच करतो. नखं बघतो. ग्रंथपालाचं काम पुस्तकं कोण नेतं ते बघण्याचं आहे. कोण नेत नाही, ते बघायचं कधी सुचलं नव्हतं.

रेणुका ज्या वर्षी दहावीला होती, त्या वर्षीची परीक्षा मला इतर वर्षांपेक्षा जास्त आठवते. ती मेंढरंवाल्याची मुलगी. दिवाळी झाली की तिचे आईवडील कळप घेऊन निघायचे, पैनगंगेच्या काठाकाठाने विदर्भाकडे. पावसाच्या तोंडाला परत यायचे. रेणुका मागे मावशीकडे राहून शिकायची. त्या वर्षी कळपाला निघायला उशीर झाला, कारण आईचा पाय मोडला. पाय बांधला, पण तिला चालता येईना. फेब्रुवारीत बिराजींनी, म्हणजे रेणुकाच्या वडिलांनी, निघायचं ठरवलं तेव्हा आईच्या जागी भाकरी थापायला आणि नवी कोकरं सांभाळायला हात लागणार होते. ते हात रेणुकाचे होते. परीक्षा मार्चमध्ये होती.

नलिनीच्या त्या वर्गात गणित सर्वांत नेटकं सोडवायची ती रेणुका. शेवटच्या बाकावर बसायची, फार बोलायची नाही, पण फळ्यावरचं उदाहरण नलिनी अर्ध्यात असतानाच तिच्या ओठांवर उत्तर यायचं. नलिनी हेडसरांकडे गेली. हेडसर वाईट माणूस नव्हते. शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा, म्हणजे गावातली चार पोरं बसमधून उतरून परत आपल्याकडे येतील, ही त्यांची खरी तळमळ होती. त्यांनी नलिनीला बसवून समजावलं.

“मॅडम, टक्का निघतो तो बसलेल्या पोरांवर. ती आलीच न्हाई तर टक्क्याला धक्का न्हाई. आली आणि एखाद्या विषयात गेली, तर धक्का आहे. आईचा पाय मोडल्यापासून निम्मे दिवस गैरहजर असलेलं लेकरू. पुढच्या साली बसवू की तिला बाहेरून. मी काय वाईट बोलून राहिलो का?”

“नाही सर,” नलिनी म्हणाली. घरी आल्यावर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मला विचारलं, “जी बसलीच नाही, ती कुठल्या टक्क्यात असते हो?”

मी म्हणालो, कुठल्याच नाही.

“मग एवढी वर्षं मी जे निकाल बघत आले, ते कुणाचे होते?”

त्या रात्री ती जेवताना गप्प राहिली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही स्कूटरवरून मेंढरांच्या वाड्यावर गेलो. दिवस मावळत होता. जाळीच्या कुंपणात मेंढरं एकमेकांना खेटून उभी, वर धुळीचा तांबूस थर. बिराजींनी आमच्यासाठी घोंगडी अंथरली. रेणुका चुलीपाशी होती. ती आमच्याकडे बघत नव्हती, पण तिचे कान इकडेच होते.

“मॅडम, लेकराची परीक्षा मला बी कळते,” बिराजी म्हणाले. “पण मेंढरू काय परीक्षा बघून थांबते का? चारा संपला की पाय उचलते.”

“आणि चारा असला तर?”

“असला तर काहून जावं? हौस हाय का आमाला वारंगा फाट्यावर ट्रकाच्या हॉर्नमदी मेंढरं घालायची?”

एवढंच तिला हवं होतं. परत येताना स्कूटरवर मागून तिचं बोलणं थांबेना. आमच्याकडे पीक निघालेल्या रानात मेंढरं बसवतात. रात्री कळप रानात कोंडला की खत आयतं जमिनीत पडतं. शेतकरी त्याबद्दल मेंढपाळाला ज्वारी देतो, पैसे देतो. एका रानातून दुसऱ्या रानात, असा कळप पुढे सरकतो. नलिनीचं म्हणणं सरळ होतं. कळप पुढे सरकण्याऐवजी शाळेभोवतीच फिरवायचा. परीक्षा संपेपर्यंत गावातली रानं एकामागून एक मिळत गेली, दिवसा कालव्याच्या काठाला आणि तूर काढल्यावर उरलेल्या फणकटात चारा मिळाला, तर बिराजींना जायचं कारण उरत नाही.

मग आम्ही घरोघर हिंडलो. म्हणजे ती हिंडली, मी स्कूटरजवळ उभा राहिलो. अडचण अशी की रानं रिकामी नव्हती. सगळी माणसं हळदीत गुंतलेली, त्यामुळे हरभरा वाळूनही उभा. शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून दत्तरावांचं रान होतं, तिथेही तेच. नलिनीचं बोलणं ऐकून ओसरीवर बसलेले दत्तराव मिशीत हसले.

“आजवर पोरं परीक्षेला बसवली. आता मेंढरं बी बसवून राहिल्या का मॅडम?”

“तुमचा हरभरा कधी निघणार?”

“हळदीचं उरकलं की.”

“आधी हरभरा काढला तर काही बिघडतं का?”

दत्तरावांनी विचार केला. “बिघडत तर काही न्हाई. पण हे इचारायला कुणी आलं न्हाई आजवर.” मग आवाज खाली आणून, “माझी नात बी त्याच वर्गात हाय. तिला जरा बघून लिहू देता का पेपरात?”

“नाही.”

“मग मेंढरं तरी बसू द्या,” ते म्हणाले आणि आतल्या बाजूला तोंड करून चहा सांगितला.

असा तो हंगाम गेला. मराठीच्या पेपराला कळप ओढ्याकाठी होता, इंग्रजीला स्मशानाकडच्या पट्टीत. रेणुका पहाटे कोकरं पाजून, भाकरी थापून, केसांना पाणी लावून शाळेत यायची. तिच्या जवळ बसलेल्या मुली नाकाला रुमाल लावायच्या, असं नलिनी एकदा म्हणाली होती. दुसऱ्या पेपराला दत्तरावांची नात मुद्दाम तिच्याशेजारून चालत आत गेली, हेही तिनेच सांगितलं. आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. मी दुपारी नलिनीला घ्यायला जायचो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद वाळत पडलेली असायची आणि मधल्या रस्त्यावरून पोरं प्रश्नपत्रिकेच्या घड्या खिशात कोंबत घरी निघालेली असायची.

गणिताच्या दिवशी कळप शाळेच्या भिंतीपलीकडे, दत्तरावांच्या रानात आला होता. फाटकावरच्या हवालदाराला प्रश्न पडला. त्याने बराच वेळ मेंढरांकडे बघितलं आणि म्हणाला, “इथं मानसाला उभं राहायला मनाई हाय. मेंढराचं काही लिहिलेलं न्हाई.” ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाच्या शिक्षकाला त्या दिवशी केंद्रात येता येत नाही, म्हणून नलिनीही बाहेरच होती. हवालदाराने तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. “मॅडम, तुमी मेंढरात बसलात तर मला दिसणार न्हाई.”

मी दुपारी पोचलो तेव्हा ती रस्त्यावर येऊन उभी होती. पदराला लोकरीचे केस चिकटलेले, निऱ्यांवर ओला डाग, आणि चेहऱ्यावर असं समाधान, जे मी तिच्या स्वतःच्या बढतीच्या वेळीही बघितलं नव्हतं. स्कूटरवर बसता बसता म्हणाली, “आज आत माझं काही कामच नव्हतं. बाहेर जेवढं जमलं तेवढं केलं.” काय केलं, ते मी विचारलं नाही. मला विचारायची सवय नव्हती.

निकाल लागला. रेणुका सगळ्या विषयांत पास होती, गणित सोडून.

शाळेचा शंभर टक्क्यांचा निकाल तिच्यामुळे हुकला. बाकी सगळी पास होती. हेडसर खुर्चीत मान खाली घालून बसलेले, नलिनी खिडकीशी उभी, आणि तेवढ्यात बिराजी डोक्याचं मुंडासं सावरत पेढ्यांचा पुडा घेऊन आत आले. हे मला नलिनीने त्याच संध्याकाळी सांगितलं, दोघांचे आवाज काढून.

“अहो, पोरगी गणितात गेली तुमची,” हेडसर म्हणाले.

“एक गणित राहिलं सर. बाकी समदं आलं. आमच्यात अख्खी परीक्षा देणारी ही पहिलीच. घ्या, तोंड गोड करा.”

“निकाल पडला ना शाळेचा!”

“व्हय, ते बी आमच्याच लेकरानं पाडला,” बिराजी अभिमानाने म्हणाले.

हेडसरांनी पेढा घेतला. थोड्या वेळाने आणखी एक घेतला. तिला अकरावीला प्रवेश मिळत होता, गणित मागाहून सोडवता येणार होतं. जुलैच्या परीक्षेच्या वेळी कळप घरीच होता. रेणुकाने पेपर दिला आणि चांगल्या गुणांनी पास झाली. खरं तर तिथे सगळं संपायला हवं होतं.

नलिनीसाठी ते संपलं नाही. जुलैत एवढे गुण मिळवणारी मुलगी मार्चमध्ये काहून राहिली? पेपर सोपा होता. वर्गात ही उदाहरणं तिने खेळल्यासारखी सोडवली होती. नलिनीने तिला विचारलं. रेणुका म्हणाली, “आलं न्हाई मॅडम.” पुढे कधी भेट झाली तेव्हाही विचारलं. तेच उत्तर. नलिनीला वाटायचं, आपल्या शिकवण्यातच काहीतरी राहून गेलं असेल, आणि ते आपल्याला दिसत नाही. नंतरच्या वर्षांत तिने कितीतरी उदाहरणं वेगळ्या पद्धतीने शिकवून बघितली. नांदेडच्या दवाखान्यात, शेवटच्या आजारात, एका दुपारी ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली आहे. तिने डोळे न उघडताच विचारलं, “ती गणितात काहून राहिली असेल हो?” मी पुस्तक मिटलं. 

रेणुका आता नांदेडला एका दवाखान्यात परिचारिका आहे. नलिनी गेल्याची बातमी तिला फार उशिरा कळली. दिवाळीनंतर ती घरी आली, नलिनीच्या फोटोसमोर उभी राहिली, मग खुर्चीत न बसता जमिनीवरच बसली. चहा झाला. बिराजी अजून कळपामागे फिरतात, आई आता सुखात आहे, असं सांगून झालं. मग ती म्हणाली, “सर, मॅडम मला नेहमी इचारायच्या, गणितात काहून राहिलीस. मी खोटं सांगायची.”

“म्हणजे?”

“पेपर येत होता. पहिला प्रश्न झाला बी होता. मग भुरी वरडायला लागली.”

भुरी ही त्यांची मेंढी. मी म्हणालो, मेंढ्या ओरडतातच.

“तशी न्हाई सर. पिल्लू दिसंना की मेंढी येगळी वरडते. मला कळते ते. खिडकीतून बघितलं तर सगळी मेंढरं झाडाखाली बसलेली, अन् भुरी एकलीच फिरून राहिलेली. आमचे अण्णा कालव्यावर पाण्याला गेले होते. दत्तरावांच्या रानात आड हाय, कठडा नसलेला. मला तेवढंच दिसून राहिलं. खाली कागदावर बघू की तिकडं बघू? बेल होईस्तोवर ती वरडत होती.”

“आणि पिल्लू?”

रेणुका हसली, पण डोळे भरले होते. “बेल झाली तशी मी भिंतीवरून उडी टाकली. तर मॅडम भिंतीला टेकून बसलेल्या, रानाच्या अंगाला, खिडकीतून दिसणार न्हाईत अशा. मांडीवर कोकरू. झोपलेलं. मला म्हणल्या, हे आडाकडं जाऊन राहिलं होतं म्हणून धरून ठेवलं बघ. तुला काळजी नको म्हणून जागची हलले सुद्धा न्हाई.” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “मग मी काय सांगणार होते सर?”

मी हसलो. घरातलं माणूस गेल्यापासून माझा असा आवाज मी ऐकला नव्हता, त्यामुळे मलाच दचकायला झालं. रेणुकाही हसायला लागली आणि हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले.

“सांगायला पाहिजे होतं का मी?” तिने विचारलं.

“नको होतं,” मी म्हणालो. “पुढच्या प्रत्येक परीक्षेला तिनं स्वतःलाच मनाई करून घेतली असती.”

ती गेल्यावर मी दिवा न लावता बसून राहिलो. आत पोरगी एक कोकरू कमी म्हणून कासावीस झालेली, बाहेर ही तेच कोकरू मांडीवर घेऊन निवांत, आणि मध्ये वीटभर जाडीची भिंत. दोघीही एकमेकींसाठीच बसल्या होत्या. नलिनीने वर्षानुवर्षं स्वतःच्या शिकवण्यात जी चूक शोधली, ती तिथे नव्हतीच.

हे उत्तर तिला आवडलं असतं. ती आधी पदर तोंडाला लावून हसली असती. मग गप्प झाली असती, आणि जेवण अर्ध्यावर आल्यावर तिने पुढचं विचारलं असतं. भुरीला आपलं पिल्लू इतक्या जवळ असून सापडलं कसं नाही? मेंढी पिल्लाला वासाने ओळखते ना? मग माझ्या साडीचा वास आड आला, की काय झालं?

मी घरातली आणि वाचनालयातली पुस्तकं चाळून बघितली. त्यांत मेंढ्यांविषयी बरंच आहे, पण हे नाही. बिराजींचा कळप यंदा लांब गेलेला नाही, सध्या कालव्यापलीकडे बसला आहे, असं अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीकडून कळलं. उद्या दुपारी वाचनालय थोडं लवकर बंद करून मी तिकडे जाणार आहे.